आधी मोजायला शीक

प्रिय मैत्रिणी,

तुझा मेसेज काल रात्रीच वाचला होता पण लगेच उत्तर दिलं नाही, कारण असल्या प्रश्नाला घाईघाईत चार ओळी लिहून मोकळं होणं मला जमलं नसतं. तू लिहिलंस की सकाळी मोबाइल उघडला की कुठे जंगल पेटलेलं, कुठे हिमनदी वितळतेय, कुठे पूर, आणि मग दिवसभर डोक्यात तेच, की मी दात घासताना नळ बंद केला काय नि नाही केला काय. हे वाटतं गं, मलाही वाटतं. ते मनातून काढून टाक असं मी अजिबात म्हणणार नाही. पण इतकी वर्षं पर्यावरणाच्या कामात राहून मला ज्या एका सवयीने सावरलं ती सांगते, ती म्हणजे मोजायची सवय. बातमी वाचतानाही आणि घरात काही करतानाही.

आधी बातमीचं बघू. २०२४ हे जगाच्या सरासरी तापमानवाढीची दीड अंश सेल्सिअसची मर्यादा ओलांडणारं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं, ही बातमी तूच मला पाठवली होतीस आणि खाली लिहिलं होतंस 'संपलं सगळं'. तर हा दीड अंश १८५० ते १९०० च्या सरासरी तापमानाशी तुलना करून काढतात, आणि तापमानवाढ रोखण्यासाठी देशांनी २०१५ मध्ये केलेल्या पॅरिस करारात जी मर्यादा आहे ती एका वर्षाची नाही, साधारण वीस वर्षांच्या सरासरीची धरतात. म्हणजे काळजीचं कारण आहेच, मोठं आहे, पण दीडच्या पलीकडे गेलं की दार बंद असं काही नसतं. १.६ हे १.७ पेक्षा बरं, आणि त्या एका दशांशात किती माणसांचा उन्हाळा सुसह्य होतो याचा विचार कर. म्हणून हेडलाइन वाचली की तीन गोष्टी शोधायच्या, किती, कधीपासून आणि कशाच्या तुलनेत. ज्या बातमीत यातलं काहीच सापडत नाही ती फॉरवर्ड करू नकोस, बास.

चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाबद्दल तुला सांगायचंय. त्याने १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर हवेतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे उष्णता धरून पृथ्वी तापवणारा वायू, मोजायला सुरुवात केली, तेव्हा दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग होता. मोजता मोजता त्याला दिसलं की उत्तर गोलार्धात झाडं पालवली की आकडा खाली येतो आणि पानगळीनंतर परत चढतो, जणू पृथ्वी श्वास घेतेय, पण दरवर्षी तो श्वास आधीच्यापेक्षा थोडा वरच थांबतो. १९६४ मध्ये पैशांअभावी काही महिने मोजणी बंद पडली, त्या आलेखात तेवढी फट आहे, तरी माणूस हटला नाही. २००५ मध्ये तो गेला, पुढे मुलाने काम चालवलं, आज आकडा ४२० च्या वर आहे. आज आपण ज्या आलेखाच्या जोरावर बोलतो तो असा रोजच्या रटाळ नोंदीतून आलाय. सूर्याच्या घातक किरणांपासून आपल्याला वाचवणाऱ्या ओझोनच्या थराचंही तसंच, अंटार्क्टिकावर १९५७ पासून चाललेल्या मोजणीतून १९८५ मध्ये त्या थराला पडलेलं छिद्र जगासमोर आलं, १९८७ मध्ये ओझोन नष्ट करणारी रसायनं कमी करण्याचा माँट्रियल करार झाला, आणि आता तो थर भरून येतोय, अंटार्क्टिकावर साधारण २०६६ पर्यंत भरेल असा अंदाज आहे. ही बातमी सकाळी मोबाइलवर कोणी ओरडून सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

आता घरातलं. तू बांबूचा ब्रश, स्टीलची बाटली, कापडी पिशव्या असं सगळं एकदम मागवायचं म्हणतेयस, थांब जरा. घरात आधीच असलेली बाटली फुटेपर्यंत वापर, आणि कापडी पिशवी शेकडो वेळा वापरली तरच तिचा उपयोग, नाहीतर कापूस पिकवायला लागलेलं पाणी वाया. आणि प्लॅस्टिकवर त्रिकोणात जो आकडा असतो ना, तो फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, ते रिसायकल होईलच असं नाही. म्हणून आधी काही विकत घेऊच नकोस.

त्याऐवजी विजेच्या मीटरपासून सुरुवात कर. रात्री झोपताना रीडिंग वहीत लिही, सकाळी उठल्या उठल्या परत लिही. सगळे झोपलेले असताना घर किती वीज खातं ते कळेल. फ्रिज धरून चाल, पण बाकीचं काय? नुसती लाल लाइट लागलेली एखादी वस्तू ५ वॅट खात असेल तर वर्षाला जवळपास ४४ युनिट होतात, आणि अशा वस्तू घरात एकदोन नसतात. फ्रिजच्या दारात कागदाचा कपटा धरून दार लाव आणि ओढून बघ, सहज निघाला तर रबर सैल झालंय, थंडावा बाहेर चाललाय. मी हे करून बघितलं तेव्हा माझ्याकडे तो कपटा अलगद हातात आला होता, आणि मी महिनोन् महिने दिवे बंद करत फिरत होते!

कंपोस्टचं मात्र सविस्तर लिहिते कारण तिथे माझा पहिला प्रयत्न पार फसला. मी झाकणाच्या डब्यात सालं, देठं, उरलेलं सगळं टाकत गेले, आठवड्यात असा वास सुटला की घरातले वैतागले, आणि अळ्या झाल्या. चूक अशी होती की ओला कचरा दाबून बसला होता, आत हवाच जात नव्हती. डब्याला भोकं पाडली, प्रत्येक वाटीभर ओल्या कचऱ्यावर दोन वाट्या सुकी पानं टाकायला लागले, तेव्हा वास गेला. मूठभर घेऊन दाबायचं, एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पानं वाढव. हाच कचरा डेपोत ढिगाखाली गाडला गेला तर हवेविना कुजून मिथेन सोडतो, आणि मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त उष्णता धरतो.

पण त्या डब्याने मला जे शिकवलं ते वेगळंच होतं. टाकण्याआधी मी दोन आठवडे कचरा वजन करून लिहिला, तर निम्म्याहून जास्त सालं-देठं नव्हतीच, फ्रिजमध्ये मागे राहून खराब झालेलं अन्न होतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात १०० कोटी टनांहून जास्त अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतून. तो आकडा मी आधीही वाचला होता, पण स्वतःच्या वजनकाट्यावर बघितल्यावर पोटात तुटलं. त्यानंतर मी कमी आणायला लागले आणि उरलेलं फ्रिजमध्ये डोळ्यांसमोर ठेवायला लागले, डबा आपोआप हलका झाला.

घरच्यांना लेक्चर देऊ नकोस हं. वही टेबलावर उघडी ठेव, आकडे दिसले की कोणीतरी विचारेलच, तेव्हा सांग. आणि बातम्या दिवसातून एकदाच वाच, झोपायच्या आधी तर नकोच, त्या वेळी मीटरकडे जायचंय तुला.

आज रात्रीचं आणि उद्या सकाळचं, दोन्ही रीडिंग मला पाठव. फरक बघून पुढचं ठरवू.

तुझी ताई