गोव्यातल्या स्थानिक वाहिनीवर फुटबॉलचं समालोचन करायचंय, तयारी काय करू?

आवाजाआधी नावं पक्की करा. आपल्याकडे एकाच सामन्यात दोन-तीन फर्नांडिस सहज असतात. नुसतं आडनाव घेतलं की प्रेक्षक गोंधळतो. संघांची यादी हाती येताच 22 नावं मैदानावरच्या जागांप्रमाणे एका पुठ्ठ्यावर मांडा, राखीव खेळाडू कडेला. उच्चार संघ व्यवस्थापकालाच विचारा.

फातोर्डाचं मैदान असो वा म्हापशाचं धुळेर, बोलताना नजर मुख्यतः मॉनिटरवर हवी, कारण घरी तेच दिसतं. नाहीतर पडद्यावर रिप्ले चालू असतो आणि तुम्ही भलत्याच चालीचं वर्णन करता. पावसात चिखलाने जर्सीचे क्रमांक झाकले जातात, म्हणून बुटांचे रंग आधीच टिपून ठेवा.

सगळ्यात अवघड म्हणजे कानात दिग्दर्शक बोलत असताना वाक्य न तोडणं. त्याचा सराव घरी करा: इअरफोनवर बातम्या लावा आणि आवाज बंद केलेल्या सामन्याचं वर्णन करा.