रिपोर्टमध्ये ‘व्हीयूएस’ आलंय, मग ओव्हरी काढायची का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी तासगावची, वय ३६. आईला दोन वर्षांमागं ओव्हरीचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, केमो मिरजेत झाल्या, आता बरीय. मावशीला पण चाळिशीत छातीत गाठ आलेली. पण जेनेटिक टेस्ट नावाचं काही असतं हे आम्हाला कुणी म्हणून कुणी सांगितलं नाही. शिकागोला नर्स असलेली चुलत नणंद म्हणाली ही टेस्ट व्हायलाच पाहिजे होती, आणि तिथं काळ्या बायकांना पण हे कमीच सांगतात. मग धाकट्या बहिणीनं पुण्यात स्वतःची टेस्ट केली तर बीआरसीए टूमध्ये ‘व्हीयूएस’ आलंय. एकजण म्हणतो ओव्हरी काढून टाका, दुसरा म्हणतो काही नाही. त्यात तिचं लग्न जमतंय. काय करू? आणि आम्हाला सांगितलं का नाही?

उत्तर : आधी बहिणीचं सांगते, कारण तिथं घाई केली तर परत फिरता येत नाही. बीआरसीए वन आणि टू हे दोन जीन, त्यांत घातक दोष असला तर छातीच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढतो. व्हीयूएस म्हणजे अशा जीनमध्ये एक बदल सापडलाय पण तो घातक की साधा हे आज ठरत नाहीये. नुसत्या एवढ्यावरनं ओव्हरी काढत नाहीत. असे बदल पुढं बहुतेक वेळा निरुपद्रवीच ठरतात. लग्नाच्या बोलणीत पण हा रिपोर्ट आजार म्हणून मांडायचं काही कारण नाही, तो आजार नाहीच.

आता हे ‘ठरत नाही’ येतं कुठनं ते बघा, नणंदेच्या बोलण्याचा धागा इथंच आहे. बदल घातक आहे का हे ठरवायला आधीच्या हजारो माणसांचे रिपोर्ट शेजारी ठेवून बघावे लागतात आणि जगातला असा डेटा बहुतेक युरोपियन वंशाच्या गोऱ्या लोकांचा आहे, त्यामुळं काळ्या आणि आशियाई बायकांच्या रिपोर्टमध्ये व्हीयूएस जास्त निघतात. आपली माणसं फारशी मोजलीच गेली नाहीत हो. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाचा १०,००० भारतीयांच्या जीन्सचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये अभ्यासकांना खुला झाला, एवढ्या मोठ्या देशाला तो थोडाच, पण सुरुवात झाली.

अमेरिकेत तर काळ्या बायकांना कमी वयात आणि ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा (ज्यावर हार्मोनची औषधं चालत नाहीत असा) ब्रेस्ट कॅन्सर जास्त होतो, म्हणजे टेस्टची गरज जास्त, आणि तरी डॉक्टर त्यांनाच ती कमी वेळा सुचवतात असं तिथल्या अभ्यासांत दिसलंय. आधी एकाच कंपनीकडं बीआरसीए जीन्सचं पेटंट होतं, टेस्ट तीन हजार डॉलरच्या वर जायची. २०१३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं शरीरातल्या जीनचं पेटंट होत नाही म्हटलं, बाकीच्या लॅब आल्या, भाव उतरले. पण डॉक्टरनं तोंडानं सांगितल्याशिवाय पेशंट टेस्ट करणार कशी?

आपल्याकडं ते गोरं-काळं तसं नाही, पण एसटीनं आलेल्या बाईला हे कळायचं नाही, परवडायचं नाही असं आधीच धरून चालतात, आणि मला याचा फार राग येतो. ओव्हरीच्या नेहमीच्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये वय, घराणं काही न बघता प्रत्येकीला ही टेस्ट सुचवा असं गाइडलाइन सांगतात, त्यामुळं तुमच्या आईला सांगायलाच हवं होतं.

उशीर झालेला नाही. टेस्ट मुळात आजार झालेल्या माणसाची आधी करायची असते, म्हणून आता आईचं रक्त द्या. तिच्यात पक्का, म्हणजे घातक ठरलेला दोष सापडला तर तो प्रत्येक लेकराकडं, मुलगा असो का मुलगी, यायची शक्यता निम्मी, आणि बहिणीत तोच दोष नसला तर तिचा धोका जवळपास चारचौघींसारखाच. बीआरसीए वनमध्ये पक्का दोष असेल तर वयाच्या ऐंशीपर्यंत ओव्हरीचा कॅन्सर व्हायची शक्यता शंभरात ४४ च्या आसपास, टूमध्ये १७ च्या आसपास, ऑपरेशनचा विचार तेव्हा करतात. शिवाय दोष असलेल्या काही पेशंटना ओलापॅरिबसारख्या कॅन्सरवरच्या गोळ्यांचा फायदा होतो, ते आईच्या डॉक्टरांना विचारा. वडिलांकडच्या आत्या, चुलत्यांचे आजार पण लिहून न्या, हा दोष बापाकडनं पण येतो आणि ते कुणी विचारत नाही.

खारघरला टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात कॅन्सर जेनेटिक्सचं काम चालतं. तिथं जा, नाहीतर आत्ताच्या डॉक्टरांना सरळ म्हणा, ‘आईची बीआरसीए टेस्ट करायचीय, चिठ्ठी द्या.’ बहिणीचा रिपोर्ट जपून ठेवा आणि वर्षा-दोन वर्षांनी लॅबला फोन करून विचारा, त्या बदलाचं काही ठरलं का.