गॅस गीझर आत की बाहेर?

प्रश्न : आमचा ६ लिटरचा गॅस गीझर बाथरूममध्येच आहे. थंडीत खिडकीच्या काचपट्ट्या बंद असतात. एक्झॉस्ट फॅन बसवला तर चालेल का? प्लंबर म्हणतो, गीझरवर पत्र्याची टोपी बसवून पाइप डक्टमध्ये सोडू. – एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही नको. गीझर बाहेर काढा.

६ लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण १ किलो गॅस खातो, म्हणजे १५ मिनिटांत पाव किलो. तेवढा गॅस नीट जळायला सुमारे ३ घनमीटर हवा लागते. ४ बाय ७ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये सगळी मिळून हवा असते सव्वासहा घनमीटर! एकामागून एक दोघांच्या आंघोळी झाल्या की बर्नर आपलाच जळका वायू पुन्हा ओढू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो.

दार घट्ट बंद असेल तर फॅन नुसताच गरगरतो, कारण बाहेरून हवा आत यायला वाट नाही. वीज गेली की तोही थांबतो. गीझर मात्र दोन सेलवर पेटलेलाच. टोपीचं तर विचारूच नका. बिनपाइपाच्या गीझरला माथ्यावर फटी असतात त्या वायू सुटायला. त्या झाकल्या की वायू तुंबतो, ज्योत निळ्याची पिवळी होते, काजळी धरते. शिवाय त्याच डक्टमध्ये वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात.

ड्राय बाल्कनी उत्तम, पण स्लायडिंग लावून बंद केलेली नव्हे. वॉशिंग मशीन शेजारी असेल तर बर्नरमध्ये धूळ-तंतू अडकतात, वर्षातून एकदा साफ करून घ्या. गरम पाण्याच्या पाइपावर फोम चढवा. ३ मीटर जादा अर्ध्या इंची पाइपात जेमतेम अर्धा लिटर पाणी राहतं. तेवढंच आधी गार येईल.

तोवर दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरा, गीझर बंद करा, मग आंघोळ.

प्रश्न : गॅसचा वास येत नाही, म्हणजे धोका नाही ना? घरी ऑक्सिमीटरही आहे. – एक वाचक, सातारा

उत्तर : वास मुद्दाम मिसळलेला असतो, तो न जळलेल्या गॅसला. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही, रंगही नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतो आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही. माणूस बेशुद्ध पडलेला असतानाही आकडा ९८ दिसू शकतो.

डोकं जड, मळमळ, पायांतलं बळ गेल्यासारखं वाटलं की गीझर बंद करून लगेच मोकळ्या हवेत या. कोणी आत पडलं असेल तर दार उघडून आधी बाहेर ओढा, १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना ‘गॅस गीझर चालू होता’ हे न विसरता सांगा. नाहीतर चक्कर समजून घरी पाठवतील. बाथरूमला आतून घट्ट बसणारी कडी असेल तर ती काढून बाहेरून नाण्यानं उघडता येणारं लॅच बसवा.