उणे १८चे २३८ का झाले?

प्रश्न : ताई, गोकुळ शिरगावला आमचं आइस्क्रीमचं छोटं युनिट आहे. डीप फ्रीजरचं तापमान दाखवायला ३२ बिटांच्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या बोर्डवर मी डिस्प्ले बसवलाय. सेन्सर एका बाइटमध्ये अंश सेल्सिअस देतो. आत उणे १८ असताना डिस्प्लेवर २३८ येतं. दार उघडं ठेवून तापमान शून्याच्या वर गेलं की आकडा बरोबर. तोच सी प्रोग्राम लॅपटॉपवर नीट चालतो. सध्या २५६ वजा करून भागवलंय. सेन्सर बदलू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सेन्सर चोख आहे, बदलू नका. ती वजाबाकी मात्र आजच काढा. लाइट जाऊन फ्रीजर ५ अंशांवर आला तर डिस्प्ले उणे २५१ दाखवेल. माल वितळायला लागल्यावरच आकडा खोटा, हे फार वाईट.

घोळ बाइट उचलण्यात आहे. मेमरीत १११०१११० एवढेच आठ बिट, म्हणजे ०-१चे आकडे, असतात. ते उणे की अधिक, हे तिथं कुठंच लिहिलेलं नसतं. प्रोसेसर हा बाइट उचलून ज्या जागेत ठेवतो ते रजिस्टर ३२ बिटांचं. उरलेल्या २४ जागांत काय भरायचं ते बाइट उचलणारी सूचना ठरवते. ‘एलबी’ (लोड बाइट) ही सूचना बाइटचा सर्वांत वरचा, म्हणजे डावीकडचा पहिला, बिट बघते आणि तोच पुढं सगळीकडे भरते. इथं तो १ आहे, म्हणून उणे १८. ‘एलबीयू’ (लोड बाइट अनसाइन्ड, म्हणजे चिन्हाविना) सरळ शून्यं भरते, म्हणून २३८. तापमान शून्याच्या वर असलं की तो बिट ०च असतो, त्यामुळं दोघींचं उत्तर सारखंच. एआरएम या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर हीच जोडी ‘एलडीआरएसबी’ आणि ‘एलडीआरबी’ नावानं भेटते.

तुम्ही तापमान नुसत्या ‘कॅर’मध्ये, म्हणजे सी भाषेतल्या एका बाइटच्या प्रकारात, ठेवलं असणार. तो चिन्हासह धरायचा की चिन्हाविना, हे सी भाषेनं कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रामचं प्रोसेसरच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सोडलंय. इंटेल-एएमडीच्या लॅपटॉपवर तो सहसा चिन्हासह असतो, रिस्क-फाइव्हवर चिन्हाविना. ‘साइन्ड कॅर’ लिहा आणि डिसअसेम्ब्ली (तयार झालेल्या सूचनांची यादी) काढून त्या ओळीवर ‘एलबी’ आली का ते डोळ्यांनी बघा. राजारामपुरीतल्या माझ्या वर्गात मुलांना मी आधी हेच करायला लावते.

पण सरसकट सगळीकडे ‘साइन्ड’ करत सुटू नका. डिस्प्लेवर मराठी अक्षरं दाखवणार असाल, तर यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९ असे तीन बाइट. तिन्ही १२७च्या वर. ते ‘एलबी’नं उचलले तर उणे होतील आणि फॉन्टच्या तक्त्यात भलतीच जागा शोधली जाईल. तिथं ‘एलबीयू’च हवी.