जुन्या लॅपटॉपला स्टीमपंक (वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या पितळी, दातेरी यंत्रांसारखे) रूप देताना नवशिक्याने सुरुवात कुठून करावी?

सुरुवात झाकणाच्या बाहेरच्या बाजूपासून करावी, कारण तिथे काही बिघडले तरी आतल्या सर्किटला सहसा धक्का लागत नाही. बॅटरी काढून ठेवावी, प्लास्टिक ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासावे आणि प्रायमर वाळल्यावर पितळी रंगाचे पातळ हात द्यावेत. खरा पितळी पत्रा कितीही मोहक वाटला तरी त्याने सगळे झाकण मढवू नये. वायफायचे अँटेना बहुधा स्क्रीनच्या चौकटीत असतात, धातूमुळे सिग्नल अडतो, शिवाय वाढलेले वजन बिजागऱ्यांवर येते. जुन्या घड्याळातली दातेरी चाके मात्र अवश्य लावावीत: व्हिनेगर आणि मीठ लावून ठेवल्यास पितळेवर जी हिरवट, जुनाट झाक चढते, ती रंगाने साधत नाही. चाके धुऊन, पूर्ण वाळवूनच चिकटवावीत. हवेच्या जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात.