पोटात फुलपाखरं की धाकधूक?

भाचीने काल विचारलं, "मावशी, 'पोटात फुलपाखरं उडणं' हे मराठी आहे का गं? आणि प्रेमात मन पडतं तर गडबड पोटात का होते?" ती एक गोष्ट लिहितेय, त्यातली मुलगी इंदूरच्या खाऊगल्लीत, छप्पन दुकानला, एकाची वाट बघत उभी आहे, हातातले पोहे गार झालेत, वरची शेव मऊ पडलीय आणि घास काही उतरत नाहीये.

फुलपाखरं इंग्रजीतून आलीत, आता रुळलीत, लिहिलंस तरी कोणाला अडणार नाही. पण आपल्याकडे याला एक नाही, कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, म्हणून मला ते सोडवत नाहीत.

आधी पोटाचं सांगते. भीती वाटो की आवडतं माणूस समोर येवो, शरीराची पहिली उसळी जवळपास सारखीच असते. मूत्रपिंडांच्या वरच्या ग्रंथींमधून ॲड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं, आणि आतड्यांत कोट्यवधी मज्जापेशी असल्यामुळे तिथला बदल लगेच जाणवतो. लाळ कमी होते म्हणून घशाला कोरड, तळव्यांना घाम. तेव्हा तुझ्या मुलीला पोहे न गिळवणं अगदी बरोब्बर आहे. १९७४ साली कॅनडात डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी सुमारे ७० मीटर उंचीवरच्या झुलत्या पुलावर पुरुषांना एका तरुणीशी बोलायला लावलं, नंतर तिला फोन करणारे या पुलावरचे जास्त निघाले, कमी उंचीच्या पक्क्या पुलावरचे कमी. म्हणजे पुलाची धडधड काहींनी तिच्या खात्यावर मांडली असावी.

आपल्या जुन्या लोकांनीही हे शरीरातच पाहिलं होतं. नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव बघ, घाम, रोमांच, आवाज घोगरा होणं, कंप, चेहऱ्याचा रंग बदलणं, सगळं अंगावर दिसणारं. रोमांच म्हणजे तरी काय, अंगावरचे रोम उभे राहणं. आजही आपण कोणाचे अष्टसात्त्विक भाव दाटून आले म्हणतो ते तिथूनच.

आता तुझी गोष्ट. "पोटात गोळा आला" इथे लिहू नकोस, तो भीतीचा, रिझल्टच्या दिवशीचा. "कालवाकालव" पण नको, त्यात दुःख, कळवळा येतो. आपण इंदूरवाले पटकन "घबराहट होतेय" म्हणतो, पण ती तर लिफ्ट बंद पडली तरी होते. तो येईल की नाही हे माहीत नसताना जे होतं ती धाकधूक. गर्दीत त्याचा शर्ट दिसला की काळजाचा ठोका चुकतो, मग धडधड. आणि तो राजवाड्याकडची बस पकडून गेला, ही तिथेच उभी राहिली, तर ती हुरहूर, तिथे दुसरा कुठलाच शब्द घालू नकोस.