मागून बसलेल्या ओम्नीला जादा पाटा टाकावा की पाटे बदलावेत?

तुमची २००५ ची ओम्नी मागून बसलीय, डावीकडे जास्त. मागच्या ॲक्सलवर (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) गाडीचा भार पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी कमानी म्हणजे पाटे (लीफ स्प्रिंग). स्पीडब्रेकरवरून उतरताना धाडकन आवाज येतो आणि गॅरेजवाला म्हणतोय, "एक जादा पाटा टाकू, गाडी उचलेल." त्याचं ऐकावं का, आणि पाटे बदलायचेच तर सोबत काय काय बदलावं, असा तुमचा प्रश्न आहे.

जादा पाटा टाकू नका. दोन्ही बाजूंचे पाटे बदला आणि त्यांना धरून ठेवणारं सगळं सामान त्याच वेळी नवं घाला. आमच्या १९९९ च्या ओम्नीवर हे काम दोनदा झालंय. पहिल्यांदा ते चुकीचं झालं होतं, म्हणून एवढं ठामपणे सांगतोय.

आम्ही फुरसुंगीचे. वडिलांनी ही गाडी घेतल्यापासून दर आषाढीला दिंडीचं सामान तिच्यातूनच जातं. पिठाची पोती, शेगड्या, सिलिंडर, ताडपत्र्या असं सगळं भरून दिवे घाट चढायचा. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यामुळे रिकाम्या गाडीत मागे फारसा भार नसतो, पण माल भरला की तो बहुतेक मागच्या पाट्यांवरच येतो. अशी वर्षं गेली की पोलादाची कमान हळूहळू सपाट होते. मग जरा मोठा खड्डा आला की ॲक्सल वरच्या रबरी ठोकळ्यावर आपटतो. तुम्हाला ऐकू येतोय तो आवाज बहुधा तोच.

जादा पाट्याने उंची येते, हे खरं. पण थकलेले पाटे थकलेलेच राहतात आणि नवा कडक पाटा एकटाच भार घेतो. रिकामी गाडी मागून उडायला लागते आणि सगळे हादरे हँगर (पाट्यांची टोकं गाडीला अडकवणारे कंस) जिथे जोडलेत त्या पत्र्याला बसतात. जुन्या ओम्नीत नेमकी तीच जागा गंजलेली असते. शिवाय तुमची एकच बाजू जास्त बसलीय. नुसत्या थकव्याने दोन्ही बाजू साधारण सारख्या बसतात. एकीकडचीच खाली गेली असेल तर एखादा पाटा तुटलेला असण्याची शक्यता मोठी. पाटा बहुतेक वेळा यू-बोल्टच्या (पाटा ॲक्सलला आवळून धरणाऱ्या U आकाराच्या बोल्टच्या) पकडीजवळ तुटतो. तिथे चिखल साचलेला असल्याने वरवर बघून दिसत नाही, तारेच्या ब्रशने घासून बघावं लागतं.

गॅरेजला जाण्याआधी सपाट जागेवर, गाडी रिकामी ठेवून दोन मापं घ्या. एक, मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं, दोन्ही बाजूंचं. दुसरं, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं, तेही दोन्हीकडे आणि स्टिअरिंग सरळ ठेवून. दुसऱ्या मापात ठळक फरक आला तर सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) तुटून ॲक्सल सरकलेला असू शकतो. तसं असेल तर गाडी चालवत नेऊ नका. मग हँगरच्या आसपासचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर आधी वेल्डिंग करून घ्या, पाटे नंतर.

आता सामान. पाट्यांची जोडी, पुढच्या टोकाचे बुश (रबरी अस्तर), मागच्या शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक हलू देणाऱ्या जोडपट्टीचे) बुश आणि पिना, चारही यू-बोल्ट नव्या नटांसह, आणि ते आपटणारे रबरी ठोकळे. शॉकअप गळत असतील तर तेही. यू-बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, जुने पुन्हा वापरले तर पकड टिकत नाही. नेमकी हीच काटकसर आमच्या पहिल्या गॅरेजने केली होती.

आणि त्याहून मोठी चूक बुशची. मेन पाट्याची टोकं गोल वळवलेली असतात, त्या नळीत रबरी बुश बसतो. बोल्ट आवळला की बुशची आतली लोखंडी नळी जागच्या जागी जखडते आणि पाटा हलेल तसं मधलं रबर पिळतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले तर गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं आणि कायम तसंच राहतं. आमचे नवे बुश तीन महिन्यांत फाटले. मी ते हातात घेऊन पाहिले, एकाच बाजूला, एकाच दिशेने चिरले होते. दुसऱ्या वेळी आळीतल्या मेकॅनिक काकांनी बोल्ट नुसते हाताने लावले, गाडी चाकांवर उभी केली, मागे दोघांना बसवून चार वेळा दाबली आणि मग खाली झोपून बोल्ट आवळले. ते बुश आजही शाबूत आहेत. तुमच्या गॅरेजवाल्याला हे काम सुरू करण्याआधीच सांगा. बुश बसवताना ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

पुढच्या टोकाचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून बसलेला असतो, म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरी निघाला नाही तर कापावा लागतो. जवळपास पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप असतात, त्यामुळे ग्रायंडर किंवा गॅस कटरपेक्षा वेळ लागला तरी हेक्सॉ ब्लेड बरं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कुणालाही खाली जाऊ देऊ नका, दोन्हीकडे घोड्या (जॅक स्टँड) हव्यात. ॲक्सललाही वेगळा आधार द्या, तो ब्रेकच्या होजवर लटकता कामा नये. नवा पाटा बसवताना सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलंय ना, हे स्वतः बोट लावून बघा. यू-बोल्ट आलटूनपालटून, थोडे थोडे आवळायचे. शेवटी चारही बाजूंना सारखेच आटे बाहेर दिसले पाहिजेत.

पुण्यात सामानासाठी नाना पेठ. ओम्नी बंद झाली २०१९ मध्ये, त्यामुळे पाटे आणि बुश अजून मिळतात. जुना पाटा सोबत न्या आणि लांबी, रुंदी, पाट्यांची संख्या तिथेच जुळवून घ्या. जुन्या बाजारातले वापरलेले पाटे मात्र घेऊ नका, ते किती थकलेत हे बघून कळत नाही.

काम झाल्यावर ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. नवे पाटे थोडे बसतात आणि पकड सैल होते. त्याच दिवशी उंचीचं माप पुन्हा घेऊन लिहून ठेवा. आमची चिठ्ठी आरसीच्या पाकिटात आहे, दर वारीनंतर मी माप ताडून बघतो.

तुमची दोन्ही मापं घेतलीत की इथेच कळवा. डावीकडचा पाटा तुटलाय की सेंटर बोल्ट गेलाय, हे त्यावरून बरंचसं सांगता येईल.